पगारी सुट्टी

दहा वर्षं छपाईच्या दुकानात मी एकटाच. लग्नसराईत रोजंदारीवर पोरं यायची, हंगाम सरला की जायची. यंदा पहिल्यांदाच एकाला महिन्याच्या पगारावर ठेवलं. पावसाळ्यात काम नसलं तरी पगार द्यायचाच, या धास्तीनं त्या रात्री झोप लागली नाही.

तो चिपळूणकडचा. आठवड्याभरानं बिचकत म्हणाला, "शेठ, गणपतीत पाच दिवस गावी जायला लागेल. पैसे कापा."

'शेठ' ऐकून मला माझे शेठ आठवले. ईदच्या दिवसाचा रोज ते कापायचे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने कायद्यातल्या पगारी सुट्ट्या ठरावीक संख्येइतके कामगार असलेल्यांनाच लागू. एका माणसासाठी मी बांधील नाही. तरीही हजेरीच्या वहीत लिहिलं : पाच दिवस, पगारी.