धोत्र्याचे कप्पे

पाऊस ओसरला की जयपूरच्या खातीपुऱ्यात धोतरा माजतो. राडारोड्याचे ढीग, पाया खणून तसेच सोडलेले प्लॉट, लष्करी हद्दीच्या भिंतीचा पायथा, जिथं कुणाचं लक्ष नाही तिथं तो हमखास असतो. श्रावणात त्याची काटेरी बोंडं महादेवाला वाहतात, एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. शेळ्याही त्याला वळसा घालून जातात. मी मात्र या दिवसांत संध्याकाळी पिशवी घेऊन त्याच्या मागावर असते. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला सोलॅनेसी कुळ शिकवायचं, तर इतकं मोठं, मुबलक आणि फुकटचं फूल दुसरं नाही.

समोर बसलेल्या पोरापोरींचं कौतुक करावं की काळजी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बरेच जण सीकरला नाहीतर इथेच गोपालपुऱ्यात कोचिंग करून आलेले. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, म्हणजे ९० प्रश्न, आणि त्या ९० प्रश्नांसाठी यांनी एनसीईआरटीच्या पुस्तकाची ओळन् ओळ चघळलेली. दुहेरी फलन कुणी शोधलं विचारा, वाक्य पुरं व्हायच्या आत ‘नवाशिन, १८९८’ असं उत्तर येतं. पण पहिल्या प्रॅक्टिकलला फूल हातात दिलं की ते कुठून धरावं इथून सुरुवात. काहींचा नीटचा पुढचा फॉर्म भरायचा ठरलेलाच असतो. कॉलेज म्हणजे दरम्यानची धर्मशाळा. दिवाळीनंतर हजेरीपटावरची दोनचार नावं गप्प होतात. त्यांना नावं ठेवायचा मला काय अधिकार? घरच्यांनी कर्ज काढून शिकवलेली मुलं आहेत ती.

आमच्या वेळी पहिल्या वर्षाची दीक्षा बेडकानं व्हायची. मेणाचा ट्रे, टाचण्या, क्लोरोफॉर्मचा गोडसर वास आणि जेवणाच्या डब्यापर्यंत पाठलाग करणारा फॉर्मेलिनचा दर्प. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं ही प्राण्यांची चिरफाड थांबवायला सांगितली, ते मला मनापासून पटलं. बेडूक वाचले. पण त्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी पडद्यावरचा बेडूक आला आणि तो फारच आज्ञाधारक असतो. प्रत्येक नस पुस्तकातल्या जागी, पुस्तकातल्या रंगात. खऱ्या बेडकानं इतकं सहकार्य कधी केलं नव्हतं. म्हणून फुलावर माझी भिस्त जास्त. ते कापताना जिवावर येत नाही, आणि ते आपल्याला फसवूही शकतं.

यंदाच्या धोत्र्यानं फसवलंच. पाकळ्या सोलून, पाच पुंकेसर मोजून झाल्यावर अंडाशयाचा आडवा छेद घ्यायचा होता. पुस्तकात सोलॅनेसीच्या अंडाशयाला कप्पे दोन. एका मुलीनं ब्लेडनं चकती काढली, भिंगाखाली धरली आणि तिचा चेहरा पडला. “मैम, मेरा खराब हो गया. चार आ रहे हैं.” शेजारच्याला दोनच दिसत होते. त्यानं तिला लगेच समजावलं की तुझा कट तिरका गेला असणार. तिनं दुसरं फूल घेतलं. पुन्हा चार. मग तिसरं, आणि आता तिचा सूर बदलला होता: “किताब में तो दो लिखा है.”

मी काही बोलले नाही. शिक्षकाच्या धंद्यात गप्प बसण्याइतकं अवघड काही नसतं. दोघांना एकच अंडाशय दिला आणि वरून खाली पातळ चकत्या ओळीनं मांडायला सांगितलं. टोकाकडच्या चकत्यांत दोन कप्पे, सरळ. खाली सरकलं की बीजांडांनी लगडलेल्या फुगीर गाद्यांच्या दिशेनं भिंतीतून एक पडदा आत येताना दिसतो. आणखी खाली तो पार जाऊन भिडतो आणि दोनाचे चार होतात. खोटा पडदा. त्यानं टोकाकडून कापलं होतं, तिनं बुडाकडून. पुस्तक अख्ख्या कुळाबद्दल बोलत होतं, धोतरा स्वतःपुरतं. ती पोरगी त्या सात-आठ चकत्या पुढून मागून न्याहाळत राहिली, आणि हात साबणानं धू, डोळ्यांना लावू नकोस, बाहुल्या विस्फारतील, हे मला तिला दोनदा सांगावं लागलं. डोळे तपासताना घालतात त्या थेंबांतलं अ‍ॅट्रोपिन याच झाडात असतं.

ते पाठ केलेलं पुस्तक मुळात ज्याच्या पुढाकारानं आलं तो माणूस याच शहरातला. पंचानन माहेश्वरी १९०४ साली जयपुरात जन्मले, अलाहाबादला डजन नावाच्या अमेरिकन मिशनरी प्राध्यापकांच्या हाताखाली वनस्पतीशास्त्रात रमले, आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचा वनस्पतीशास्त्र विभाग त्यांनी भ्रूणविज्ञानासाठी जगभर नावारूपाला आणला. एनसीईआरटीचं उच्च माध्यमिक शाळांसाठीचं पहिलं जीवशास्त्राचं पुस्तक त्यांच्याच नेतृत्वाखाली १९६४ मध्ये निघालं. मुलांना मी हे सांगते तेव्हा ती मान डोलावतात. पुस्तकात त्यांचा फोटो असतो, प्रश्न येऊ शकतो.

त्याच वर्षी, दिल्लीच्या त्याच विभागात जे घडलं ते मला जास्त आवडतं. शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याचे परागकोश पोषक द्रव्यात वाढायला ठेवले होते. बघायचं होतं पेशींचं अर्धसूत्री विभाजन. काही आठवड्यांनी परागकोशातून चक्क इवले भ्रूण डोकावू लागले. ना बीजांड, ना फलन. धोत्र्याच्या पेशीत गुणसूत्रं २४, परागकणात १२, आणि त्या १२ गुणसूत्रांवर उभी राहिलेली रोपं. अशा रोपाची गुणसूत्रं दुप्पट केली की एका फटक्यात शुद्ध वाण मिळतो. एरवी त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागण करत बसावं लागतं. भाताच्या, गव्हाच्या पैदासकारांनी पुढं ही वाट मळवली. पाठ्यपुस्तक आणि पाठ्यपुस्तकात नसलेली गोष्ट, दोन्ही एकाच इमारतीतून एकाच साली बाहेर पडल्या. या योगायोगाचं काय करायचं ते मला कळत नाही, पण दर वर्षी मी तो वर्गात सांगते, अभ्यासक्रम मागे पडला तरी.

तो यंदाही पडलाच आहे. आणखी तीन कुळं बाकी आहेत, बाहेरचे परीक्षक येतील तेव्हा जर्नल पूर्ण लागेल, आणि चार कप्प्यांच्या त्या आकृतीखाली काय लिहायचं यावर दोघांचं अजून वाजतंय. मी म्हटलं, दोन्ही काढा आणि कुठं कापलं ते लिहा. पुढच्या आठवड्यात याच कुळातली वांगी, मिरच्या घरून आणायला सांगितल्या आहेत. टोमॅटोचं नाव मी मुद्दाम घेतलेलं नाही. बाजारातल्या मोठ्या टोमॅटोला कधी पाच कप्पे निघतात, कधी सात, आणि तो कुणीतरी आणणारच.