दोन मुठी बेदाणे

आमच्या घरांत कुत्रा नांदेल, असें भविष्य दहा वर्षांपूर्वीं कोणीं वर्तविलें असतें, तर त्या ज्योतिषाची पोथी आम्हीं कृष्णेंत बुडवावयास सांगितली असती. सांगलीच्या गांवभागांतलें आमचें घर जुन्या वळणाचें. सोंवळेंओंवळें, नैवेद्य, वैश्वदेव हें सारें वडिलांच्या काळापासून चालत आलेलें. वैश्वदेवानंतर कुत्र्याच्या नांवानें अन्नाचा घांस बाहेर ठेवावा, एवढीच काय ती त्या जातीशीं आमची ओळख. तो घांस खाणारा प्राणी उंबरठ्याच्या आंत यावा, हें मात्र कोणाच्याच मनांत नव्हतें.

पण चार वर्षांपूर्वीं, आषाढांतल्या एका भरपावसाच्या रात्रीं, आमच्या नातवानें सदऱ्याखालीं झांकून एक भिजलेलें पिलूं घरीं आणलें. थोरल्या वहिनींनीं कपाळास हात लावला. “उद्यां सकाळीं हें बाहेर गेलें पाहिजे,” असा त्यांचा निकाल झाला. सकाळ झाली, पाऊस थांबला नाहीं, आणि पिलूंही गेलें नाहीं. नांव ठेवण्याचा मान आम्हांकडे आला. छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेल्या मास्तराच्या घरचा कुत्रा ‘मोत्या’ कसा असेल? देवांची कुत्री सरमा, तिचा पुत्र तो सारमेय. म्हणून आम्हीं त्याचें नांव ‘सारमेय’ ठेविलें. मुलांनीं आठ दिवसांत त्याचा ‘सारू’ केला. तद्भव शब्द असेच होत असतात, अशी आम्हीं मनाची समजूत घातली.

सारमेयास ओटीपर्यंत येण्याची मुभा होती. माजघर त्यास वर्ज्य होतें. हा नियम वहिनींचा, आणि तो त्यानें आमच्यापेक्षांही निष्ठेनें पाळला. सेवानिवृत्त माणसाच्या दुपारी फार लांब असतात. मुलें कचेरींत, नातू शाळेंत, बायका माजघरांत पडलेल्या. अशा वेळीं ओटीवर आम्ही आणि पायाशीं तो, असे दोघेच जागे असूं. आम्हांस सहा वर्षांपासून मधुमेह आहे. साखर, गूळ, बेदाणे यांना घरांत आमच्यापुरती बंदी. परंतु आमचा एक भाचा तासगांवीं असतो. तो दर हंगामांत बेदाण्याचा डबा पाठवितो आणि त्यांतील थोडा भाग, खरें सांगावयाचें तर, आपट्यांच्या संस्कृत कोशामागें एका लहान डब्यांत जाऊन बसतो. दुपारीं चार दाणे आम्ही खात असूं आणि चार सारमेयास देत असूं. पापांत भागीदार असला कीं पाप हलकें वाटतें. हा भागीदार तर कधीं कोणास सांगणारा नव्हता.

यंदांच्या चैत्रांतली गोष्ट. घरीं चैत्रगौरीचें हळदीकुंकू होतें. आंबेडाळ, पन्हें, भिजविलेले हरभरे, येणाऱ्याजाणाऱ्या बायका, या गर्दींत सारमेयास सकाळपासून परसांत बांधून ठेविलें होतें. तो दिवसभर कण्हत होता. तिसऱ्या प्रहरीं आम्हांस राहवेना. आम्ही डबा धोतराच्या सोग्यांत लपवून परसांत गेलों, आणि चार दाण्यांच्या ऐवजीं चांगले दोन मुठी बेदाणे त्याच्यापुढें ओतले. वर्गांतल्या एखाद्या मुलाची एवढी दया आम्हांस क्वचितच आली असेल.

त्या रात्रीं सारमेयास दोनदां उलटी झाली. सकाळीं तो उठेना. नातवानें हांक मारली तर शेपटाचें टोंक तेवढें हाललें. थोरले चिरंजीव, नातू आणि आम्ही, असे तिघे त्यास रिक्षांत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलों. डॉक्टरीणबाई आमच्याच एके काळच्या विद्यार्थिनी. त्यांनीं पोट चांचपलें, ताप पाहिला आणि विचारलें, “सर, काल यानें नेहमीपेक्षां वेगळें कांहीं खाल्लें का? चॉकलेट, कांदा, द्राक्षें, बेदाणे, असें कांहीं?”

चिरंजीव शेजारींच उभे होते. आमच्या साखरेची वही तेच ठेवितात. आम्हीं म्हटलें, “दूधपोळी. रोजचेंच.”

हें खोटें नव्हतें. दूधपोळी त्यानें खाल्लीच होती. ‘नरो वा कुंजरो वा’ हेंही खोटें नव्हतें. त्या एका वाक्यापायीं धर्मराजाचा चार बोटें अधांतरीं चालणारा रथ जमिनीवर कसा आला, तें आम्हीं वर्गांत किती वेळां रंगवून सांगितलें असेल! आमचा रथ मुळांतच जमिनीवरचा. त्यामुळें तो खालीं आल्याचें कोणास दिसलें नाहीं. बाईंनीं उलटी थांबण्याचें इंजेक्शन दिलें आणि सांगितलें, “संध्याकाळपर्यंत उतार पडला नाहीं, तर रक्त तपासूं.”

घरीं आल्यावर दुपारीं चौकशी सुरू झाली. वहिनी सारमेयास घरांत घ्यावयास कितीही नाखूष असोत, त्याची भाकरी त्याच थापीत. त्यांनीं धाकट्या सूनबाईस विचारलें, “काल त्या मुक्या जिवास काय घातलेंस?”

“थोडा दहीभात उरला होता, काकू, तो घातला.”

“उन्हाळ्याचे दिवस. आंबला असेल. घालतांना वास तरी घ्यावयाचा!”

मुलगी लग्न होऊन वर्षाच्या आंत घरांत आलेली. भात ताजा होता, इतकें म्हणावयासही तिला धीर झाला नाहीं. तिचे डोळे भरून आले आणि ती भांड्यांकडे तोंड करून उभी राहिली. हें सारें ओटीवर आम्हांस ऐकूं येत होतें. आमच्या हातांत वर्तमानपत्र होतें आणि आम्ही वाचीत नव्हतों.

वाचकहो, महाभारताच्या आदिपर्वांत आरंभींच सारमेयाची कथा आहे. जनमेजयाच्या सत्रांत तो गेला असतां राजाच्या भावांनीं त्यास मारलें. त्यानें हविष्याकडे पाहिलेंही नव्हतें, त्यास जीभही लावली नव्हती. सरमा तेथें येऊन विचारूं लागली, माझ्या मुलाचा अपराध काय? त्यावर त्या राजपुत्रांनीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. तेव्हां तिनें शाप दिला कीं, तुमच्यावर न दिसणारें भय येईल. ही कथा आम्हीं वर्षानुवर्षें शिकविली. पण तींत आमचें लक्ष नेहमीं माराकडे असे. त्या दुपारीं प्रथमच कळलें कीं, सरमेचा शाप मारास आहे तितकाच त्या न बोलण्यासही आहे. निरपराध्यास बोल लागत आहे, विचारणारें विचारीत आहे, आणि ज्यांस ठाऊक आहे ते गप्प बसले आहेत. तीच गोष्ट आमच्या माजघरांत चालली होती, आणि गप्प बसलेल्यांच्या जागीं आम्ही होतों.

पायाशीं सारमेय पडला होता. सकाळपासून तो एकदांही लघवीस उठला नव्हता, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें.

आम्ही उठलों, कोशामागचा डबा काढला आणि माजघराच्या दारांत जाऊन उभे राहिलों. “वहिनी, सूनबाईचा कांहीं दोष नाहीं. काल तिसऱ्या प्रहरीं आम्हीं त्यास दोन मुठी बेदाणे घातले. डॉक्टरांनीं विचारलें तेव्हां सांगितलें नाहीं.” आयुष्यभर शेंकडों मुलांपुढें उभें राहून बोललेले आम्ही, पण ही तीन वाक्यें उच्चारतांना जीभ जड झाली.

“भाऊजी!” एवढेंच वहिनी म्हणाल्या. चिरंजीवांनीं डब्याकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि एक अक्षरही न बोलतां डॉक्टरांस फोन लाविला. पलीकडून उत्तर आलें तें आम्हांसही ऐकूं आलें: “आत्तांच्या आत्तां घेऊन या.”

रक्त तपासलें. मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज ज्यावरून येतो तें क्रिएटिनिन दुपटीच्या वर गेलें होतें. बाईंनीं शांतपणें समजावून सांगितलें. बेदाणे पोटांत गेल्यावर पहिल्या कांहीं तासांत कळलें, तर उलटी करवून पोट रिकामें करतां येतें. ती वेळ टळली होती. आतां शिरेंतून सलाइन चढवून मूत्रपिंडें चालूं ठेवावयाचीं, आणि लघवी होते कीं नाहीं तें पाहावयाचें. “लघवी सुटली, सर, कीं अर्धें काम झालें. ती मुळींच थांबली, तर मात्र कठीण.” सकाळचे पांच तास आमच्यामुळें फुकट गेले, हें त्या बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें वाटलें असतें.

पुढचे तीन दिवस आणि दोन रात्रीं सारमेय तेथेंच होता. पुढच्या पायास सुई, वर टांगलेली बाटली. दिवसा घरचें कोणी ना कोणी बसे. रात्रीं बसण्याचा हक्क आम्हीं कोणास दिला नाहीं. थेंब पडत आणि आम्ही मोजीत असूं. पहिल्या रात्रीं फारच थोडी लघवी झाली. तो मधून डोळे उघडी आणि आमच्याकडे पाही. त्या पाहण्यांत तक्रार नव्हती, आणि तेंच सोसवत नव्हतें. ज्या हातानें दिलें त्याच हातावर तो हनुवटी ठेवून पडला होता.

दुसऱ्या रात्रीं, पहाटेच्या सुमारास, आमचा डोळा लागला होता. पायांस ऊन ऊन लागलें म्हणून दचकून उठलों. पाहतों तों सारमेय कसाबसा उभा राहिला होता आणि आमचें धोतर गुडघ्यापासून खालीं चिंब भिजलें होतें. ज्या घरांत कुत्र्याचा स्पर्श झाला तर आंघोळ करीत, त्या घरांत आम्ही वाढलों. पण कृष्णेच्या घाटावर पर्वणीचें स्नान करूनही एवढी धन्यता आम्हांस कधीं वाटली नव्हती. आम्हीं तसेंच ओल्या धोतरानें घरीं फोन केला. वहिनींनींच तो उचलला. “झाली का?” त्यांनीं विचारलें. त्या रात्रभर जाग्याच होत्या.

तिसऱ्या दिवशीं रक्तांतला आंकडा उतरूं लागला, आणि संध्याकाळीं सारमेयानें चमचाभर मऊ भात खाल्ला. तेव्हां आम्हीं बाईंस विचारलें, “चार दाणे आम्ही रोज देत होतों. तेव्हां कसें कांहीं झालें नाहीं?” त्या म्हणाल्या कीं, एखाद्या कुत्र्यास थोडक्यानें बाधतें, एखाद्यास बरेच खाऊनही बाधत नाहीं; म्हणून अमुक दाण्यांपर्यंत भय नाहीं, असें सांगतां येत नाहीं. कुत्र्यांस द्राक्षें बाधतात हें ठाऊक होऊनही त्यांतील विष कोणतें, तें बरीच वर्षें कळत नव्हतें. २०२१ सालीं अमेरिकेंतील प्राणिविषवैद्यांनीं द्राक्षांतील टार्टरिक आम्लावर बोट ठेविलें. माणसास तें पचतें. कुत्र्याच्या मूत्रपिंडांस सोसत नाहीं. आपल्या चिंचेंतही तेंच आम्ल असतें, आणि चिंच खाऊन कुत्रीं तशींच आजारी पडल्याचें पुढें नमूद झालें आहे. द्राक्षाचें वाण आणि पिकणें यांप्रमाणें आम्लही कमीअधिक होतें. आम्हांस वाटे, आपण त्यास गोड घालीत आहों. तो खात होता तें त्याच्यापुरतें आंबटाचें विष होतें.

ज्यांच्या घरीं कुत्रा आहे त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें. द्राक्षें, बेदाणे, मनुका, चिंच आणि चॉकलेट त्यास कधींही घालूं नये. कांदालसूणही नको, त्यानें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. चुकून पोटांत गेलेंच, तर लक्षणें दिसण्याची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें, आणि काय, किती व केव्हां खाल्लें तें जसेंच्या तसें सांगावें. मुका प्राणी आपलें सांगूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें बोलण्यास आपण एकटेच असतों. आपणच शब्द गिळला, तर त्याचा वाली कोण?

चौथ्या दिवशीं सारमेय घरीं आला. वहिनींनीं उंबरठ्यावर त्याच्यावरून भाकरतुकडा ओंवाळून टाकला. सर्वजण बसले असतां आम्हीं धाकट्या सूनबाईस हांक मारली आणि म्हटलें, “सूनबाई, तुला बोल लागला तो आमच्या गप्प बसण्यामुळें. आमचें चुकलें.” सासऱ्यानें सुनेपुढें असें म्हणण्याची आमच्या घरांत पद्धत नाहीं. मुलगी गोंधळली, पदराशीं चाळा करीत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, “बाबा, पण तुमची साखर कधीं तपासावयाची?” त्यावर सगळें माजघर हंसलें. वहिनी हंसल्या नाहींत. पण त्या रात्रीं त्यांनीं आपल्या पानांतली साईची वाटी उचलून सुनेच्या पानाशीं ठेविली.

आतां कोशामागें डबा नाहीं. दुपारीं सूनबाई काकडी चिरून एक बशी ओटीवर आणून ठेविते. चार फोडी सारमेयाच्या आणि चार आमच्या, असा हिशेब आहे. त्यास तो मान्य दिसतो. आम्हांस अजून संवय व्हावयाची आहे.