हिशेब मागायला उभी राहा

पुणे

चि. मनूस,



तुमच्या क्रिप्टो-नाण्याच्या मंडळाची निवडणूक जाहीर झाली आहे, खजिनदाराची जागा मानद आहे आणि तू अर्ज भरायच्या विचारात आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. वहिनीचा मात्र लगेच फोन आला. नोकरी सांभाळून या लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजायच्या, आणि त्याही क्रिप्टोच्या, असं तिचं म्हणणं. तिची काळजी खोटी नाही. ‘कॉइन’च्या नावाखाली साखळी योजनांत पैसे घालवून बसलेली माणसं तिने पाहिली आहेत. पण तू जिथे काम करतेस तिथला कोड उघडा आहे, नाण्यांचा पुरवठा ठरलेला आहे आणि परताव्याची हमी कुणी देत नाही. तेव्हा तू उभी राहा. फक्त कशासाठी उभी राहते आहेस, ते अर्ज भरण्याआधी पक्कं कर. माझ्या मते कारण एकच असावं, आणि ते म्हणजे हिशेब.

नाणं कसं चालतं ते तू मला शिकवावंस. मी जन्मभर सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण केलं, म्हणून त्या बाजूने काय दिसतं तेवढं सांगते. विश्वास ठेवू नका, पडताळून पाहा, असं तुम्ही सगळे म्हणता. नाण्यापुरतं ते खरंच आहे. कुठला व्यवहार कधी झाला, हे कुणीही आपल्या संगणकावर तपासू शकतो. पण नाण्याभोवती माणसं जमतात, निधी गोळा होतो, प्रोग्रॅमरांना पगार द्यावे लागतात, वकील नेमावे लागतात, परिषदा भरतात. हे पैसे कुणाला, कशासाठी आणि कुणाच्या ठरावाने दिले, ते ब्लॉकचेनच्या साखळीवर लिहिलेलं नसतं. साखळीवर दिसतो तो एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर गेलेला आकडा. त्या आकड्यामागचं व्हाउचर सांभाळायला माणूसच लागतो. तुझं पद आहे ते त्यासाठी.

बिटकॉइन फाउंडेशनचं उदाहरण नीट अभ्यास. ते घडलं तेव्हा तू शाळेत होतीस. सप्टेंबर 2012 मध्ये अमेरिकेत ही ना-नफा संस्था निघाली. लिनक्स फाउंडेशनचा नमुना डोळ्यांपुढे होता आणि हेतू चांगला होता. बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतो अंतर्धान पावल्यावर कोडची जबाबदारी गॅविन अँड्रीसनवर आली होती. त्याला पगार मिळावा, सरकारी यंत्रणांशी बोलायला कुणीतरी असावं, बदनाम होत चाललेल्या नाण्याला प्रतिष्ठा मिळावी, यात गैर काय? पण पहिल्या मंडळात कोण होतं ते बघ. उपाध्यक्ष होता चार्ली श्रेम. जानेवारी 2014 मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या विमानतळावर अटक झाली आणि त्याने राजीनामा दिला. दुसरा सदस्य मार्क कार्पलेस, टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंजचा प्रमुख. फेब्रुवारीत त्याने मंडळ सोडलं, आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला माउंट गॉक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ झाल्याचं त्यांनी सांगितलं. त्यातले दोन लाख पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. एवढ्या नाण्यांची जुळवणी वेळच्या वेळी कुणी केली नव्हती, हे वाचून माझ्यासारख्या लेखापरीक्षकाच्या अंगावर काटा येतो.

रिकाम्या जागांसाठी मे 2014 मध्ये पुन्हा मतदान झालं. बॉबी ली आणि ब्रॉक पियर्स निवडून आले आणि पियर्सच्या निवडीवरून काही सभासद संस्था सोडून गेले. पण खरा धडा आहे तो त्यानंतरचा. मार्च 2015 मध्ये वैयक्तिक सभासदांच्या दोन जागांवर जिम हार्पर आणि ओलिव्हिए यान्सेन्स निवडून आले. महिनाभरातच, एप्रिलच्या सुरुवातीला, यान्सेन्सने उघडपणे लिहिलं की फाउंडेशनचं जवळजवळ दिवाळं निघालं आहे आणि बहुतेक कर्मचाऱ्यांना काढून टाकलं आहे. त्याच महिन्यात गॅविन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांची सोय एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये झाली. बिटकॉइनचं जाळं या सगळ्यात एक क्षणही थांबलं नाही. बुडाली ती त्याच्या नावाने चाललेल्या संस्थेची पत.

यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सभासद मतदान करत होते तेव्हा तिजोरीची खरी अवस्था त्यांच्यापुढे नव्हती. आपल्याकडे साध्या गृहनिर्माण संस्थेतसुद्धा लेखापरीक्षण अहवाल वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागतो आणि त्यातल्या शेऱ्यांवर समितीला दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. कितीतरी संस्था ते रडतखडत करतात, हे मी जवळून पाहिलं आहे. तरीही नियम असल्यामुळे विचारणाऱ्या सभासदाला पाय रोवायला जागा मिळते. तुमच्या मंडळात ती जागा कुणीतरी तयार करायला हवी. ती तू कर.

ते अशक्य नाही. झीकॅश या नाण्याचंच पाहा. नोव्हेंबर 2020 पासून त्यांच्या प्रत्येक ब्लॉकमागे तयार होणाऱ्या नव्या नाण्यांच्या बक्षिसातले 8 टक्के मोठ्या अनुदानांसाठी बाजूला काढायचं ठरलं. ते कुणाला द्यायचे, ते पाच जणांची समिती ठरवते. समितीची मुदत एक वर्षाची, पुन्हा उभं राहायची मुभा. झीकॅशच्या मूळ कंपनीशी संबंधित जास्तीत जास्त एक माणूस आणि झीकॅश फाउंडेशनशी संबंधित जास्तीत जास्त एक. ज्या अर्जात आपला आर्थिक हितसंबंध असेल त्यावरच्या मतदानातून बाजूला व्हायचं, हे नियमातच लिहिलेलं आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये बक्षीस पुन्हा निम्मं होऊन 1.5625 नाणी झालं. दर 75 सेकंदांना एक ब्लॉक धरला तर दिवसाला 1152 ब्लॉक होतात, आणि 8 टक्क्यांच्या हिशेबाने दिवसाला 144 नाणी समितीकडे जमा होतात. हे गणित मी वहीवर मांडलं आणि समाधान वाटलं, कारण जमेची बाजू कुणालाही घरबसल्या पडताळता येते. खर्चाची बाजू तितकीच उघडी ठेवणं हे पदाधिकाऱ्याचं काम.

मतदार कोण आहेत, तेही पाहून घे. झीकॅशच्या समितीला एक सल्लागार पॅनेल निवडून देतं आणि तिथे माणशी मत आहे. डॅश या नाण्याच्या व्यवस्थेत एक हजार नाणी अडकवून मास्टरनोड, म्हणजे जाळ्याचा खास संगणक, चालवणाऱ्याला मत मिळतं. तुमच्याकडे मत नाण्यांवर असेल, तर चार-पाच बड्या धारकांना भेटून निवडणूक जिंकता येईल. तशी जिंकू नकोस. छोट्या धारकांनाही तोच मजकूर पाठव, तीच उत्तरं दे. बडे धारक उद्या नाणी विकून निघून जातील आणि निधीकडून आशा ठेवणारी छोटी माणसं मागे राहतील.

आता सह्यांबद्दल. आमच्या संस्थांत चेकवर दोन सह्या लागतात, तशा तुमच्याकडे पाचांपैकी तीन किल्ल्या लागतात, असं तू लिहिलं आहेस. व्यवस्था चांगली आहे, पण तेवढ्यावर विसंबू नकोस. आमच्याकडे कोऱ्या चेकवर आधीच सही करून ठेवणारे अध्यक्ष असत. तुमच्याकडचा तो प्रकार म्हणजे पडद्यावर दिसतं ते खरं मानून बटण दाबणं. फेब्रुवारी 2025 मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर गेलं ते असंच. सह्या करणारे एकाहून अधिक होते, पण ज्या पानावरून ते मंजुरी देत होते तेच चोरांनी बदललेलं होतं. तुझ्या हातातल्या हार्डवेअर वॉलेटच्या इवल्याशा पडद्यावर जो पत्ता आणि जो आकडा उमटतो, तो ठरावाच्या कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्याशिवाय सही करू नकोस. बाकीचे घाई करतील, चेष्टाही करतील. करू देत.

आणि सगळ्या किल्ल्या एकाच माणसाकडे राहू देऊ नकोस. कॅनडाच्या क्वाड्रिगासीएक्स या एक्स्चेंजचा प्रमुख जेराल्ड कॉटन डिसेंबर 2018 मध्ये जयपूरला वारला. किल्ल्या एकट्या त्याच्याकडे होत्या, म्हणून पैसे अडकले, असं आधी सगळ्यांना वाटलं. ओंटारियोच्या रोखे आयोगाने 2020 मध्ये चौकशीअंती सांगितलं की ही फसवणूकच होती आणि पैसे तो जिवंत असतानाच संपत आले होते. 76 हजारांवर ग्राहकांचं येणं राहिलं. किल्ली हरवल्याच्या चर्चेत हिशेब नसल्याची गोष्ट किती काळ झाकून राहिली, बघ.

अधिकार सोडायची तयारीही आधीपासून ठेव. बिटकॉइनमध्ये ऑगस्ट 2010 मध्ये एका चुकीतून 18,400 कोटींहून जास्त नाणी एका ब्लॉकमध्ये जन्माला आली होती. चूक दुरुस्त झाली, आणि सगळ्या संगणकांना धोक्याची सूचना पाठवता यावी म्हणून एक खास किल्ली तयार झाली. ती मोजक्या लोकांच्या हाती होती. 2016 मध्ये ती व्यवस्था बंद करायचं जाहीर झालं आणि 2018 मध्ये किल्ली सर्वांसाठी खुली केली गेली. हातातला अधिकार अनावश्यक, धोक्याचा ठरला म्हणून त्यांनी तो विसर्जित केला. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

कराचं दोन शब्दांत: पद मानद असलं तरी प्रवासखर्च किंवा मानधन नाण्यांत मिळालं, तर त्या दिवसाच्या भावासकट नोंद ठेव. आपल्याकडे 2022 पासून अशा मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. तुझे आणि मंडळाचे व्यवहार एका वॉलेटमध्ये कधीही एकत्र करू नकोस.

जाहीरनाम्यात नाण्याचा भाव, जगभरातला प्रसार, नव्या युगाची पहाट वगैरे काही लिहू नकोस. तुझ्याकडे असलेल्या नाण्यांची आणि तुझ्या नोकरीच्या संबंधांची माहिती दे. दर महिन्याला जमाखर्च प्रसिद्ध करीन, प्रत्येक खर्चापुढे ठरावाचा क्रमांक असेल, बाहेरच्या माणसाकडून वार्षिक तपासणी करून घेईन आणि मुदत संपली की दप्तर पुढच्या खजिनदाराच्या ताब्यात देऊन पोच घेईन, एवढंच लिही. यावर कुणी टाळ्या वाजवणार नाही आणि कदाचित तू हरशीलही. हरलीस तरी हे प्रश्न निवडणुकीत विचारले गेले, याची नोंद राहील, आणि निवडून येणाऱ्याला त्यांची उत्तरं द्यावी लागतील.

अर्जाची मुदत संपण्याआधी मंडळाकडे लेखी मागणी कर: निधीचे सगळे पत्ते, मागच्या मुदतीतले ठराव आणि शेवटचा ताळेबंद. द्यायला टाळाटाळ झाली तर तेही जाहीरनाम्यात लिही. कागद हाती आले की आधी मला पाठव, मी रात्रभर बसून तपासून देते.

तुझी,
आत्या