नेहमीचं

गेल्या महिन्यात माझा पुतण्या नोकरीनिमित्त मुंबईला निघाला. आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही तीन वर्षे मुंबईत एकटे होता. रोज जेवता येईल अशी चांगली हॉटेलं लिहून द्या ना." मी कागद-पेन घेऊन बसलो. चार-पाच नावे झरझर लिहिली आणि हात थांबला. ज्या हॉटेलात मी सर्वांत जास्त वेळा जेवलो, त्याचे नाव मी लिहिलेच नव्हते.

आमचे घर खामगावचे. वडिलांचे, म्हणजे बाबूजींचे, कापडाचे दुकान. बाहेरचे खाणे आमच्या घरात जवळजवळ नव्हतेच. फार तर शेगावला गेल्यावर तिथली प्रसिद्ध कचोरी, तीही लसूण नाही ना हे दोनदा विचारून आणि दिवसाउजेडी. घरात कांदा-लसूण व कंदमूळ वर्ज्य, आणि सूर्यास्तानंतर चूल बंद. आपल्यापैकी अनेक घरांत हेच वातावरण होते, त्यामुळे अधिक सांगायला नको.

1991 साली पदोन्नतीबरोबर मुंबईच्या फोर्ट भागातील शाखेत माझी बदली झाली. मुलांच्या शाळेमुळे कुटुंब खामगावलाच राहिले. मी मुलुंडला दोन सहकाऱ्यांबरोबर खोली घेतली. दुपारचा डबा मिळे. संध्याकाळचे जेवण मात्र हॉटेलात.

मुंबईने मला खाण्याच्या बाबतीत पुष्कळ आनंद दिला, हे कबूल केले पाहिजे. रविवारी मी माटुंग्याला जाई. स्टेशनासमोर रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 सालापासूनचे. तिथे केळीच्या पानावर जेवण वाढतात. जिना चढून जायचे, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे आणि अनोळखी माणसाच्या शेजारी बसून निमूट जेवायचे. किंग्ज सर्कलजवळच्या कॅफे मद्रासमध्ये कॉफी घ्यायची. काळबादेवीत फ्रेंड्स युनियन जोशी क्लब आणि ठाकर भोजनालय. मूळजी जेठा मार्केटमध्ये खरेदीला येणाऱ्या आपल्या व्यापारी मंडळींना ही नावे नवी नाहीत. तिथे तूप लावलेल्या फुलक्यांचा आग्रह इतका, की ताटावर हात आडवा धरावा लागे. दादरला प्रकाशमध्ये पियूष मिळे. तिथल्या साबुदाणा वड्याचे कौतुक मी फक्त ऐकले, कारण त्यात बटाटा.

पण ही सारी सुटीच्या दिवसाची ठिकाणे. रोजचे हॉटेल वेगळे असते. ते कचेरीपासून पाच मिनिटांवर असते, खिशाला परवडते आणि तिथे पोहोचल्यावर विचार करावा लागत नाही. माझे असे हॉटेल फोर्टातल्याच एका गल्लीत होते. दहा-बारा टेबलांचे, साधे उडुपी. गल्ल्यावर मालकांचे थोरले भाऊ बसत. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

शाखेतून बाहेर पडायला मला सात वाजत. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पहिला आठवडाभर मी फळांवर भागवले. मग एका संध्याकाळी सहकाऱ्यांबरोबर त्या हॉटेलात गेलो. त्यांनी सगळ्यांसाठी कांदा उत्तपा मागवला. मला सांगता आले असते. पण नवा अधिकारी, खेड्यातून आलेला, आल्या आल्या पथ्ये सांगू लागला तर लोक हसतील, असे वाटले. मी खाल्ला. दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो आणि तोच मागवला. महिन्याभरात असे झाले, की मला पाहताच वेटर आत हाक देई आणि उत्तपा येई.

बाबूजींना मी दर आठवड्याला पत्र लिही. त्यांच्या पत्रात शेवटी एक ओळ ठरलेली असे : वेळेवर जेवतोस ना? मी लिही, होय, दिवस असतानाच जेवतो, काळजी नसावी.

पुढच्या वर्षी डिसेंबरात बाबूजी लग्नसराईच्या खरेदीसाठी मुंबईला आले. सी. पी. टँकजवळच्या हिराबाग धर्मशाळेत उतरले होते. दिवसभर मार्केटमध्ये फिरून पाच वाजता काळबादेवीत जेवून ते माझ्या शाखेत येऊन बसले. काम आटोपून मी म्हणालो, "मी मघाशीच जेवून घेतलंय." ते म्हणाले, "बरं केलंस. पण तू रोज जिथे जेवतोस ती जागा तर दाखव. तुझ्या आईला सांगता येईल."

नाही म्हणण्यासारखे कारण सुचेना. दारातूनच दाखवून परतायचे, असे मनाशी ठरवून मी त्यांना घेऊन गेलो. पण अण्णांनी बाबूजींना पाहिले, उठून नमस्कार केला आणि आग्रहाने आत बसवले. साडेसात वाजले होते. बाबूजींनी पाण्याचा पेलाही हळूच बाजूला सरकवला. इतक्यात वेटर हसत आला, "साहेब, नेहमीचं," असे म्हणाला आणि माझ्यापुढे कांदा उत्तपा ठेवून गेला.

मी मान वर करू शकलो नाही. बाबूजींनी त्या ताटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. ते एवढेच म्हणाले, "जेव. अन्न टाकू नये."

समोर ते रिकाम्या टेबलावर हात ठेवून बसले होते आणि मी खात होतो. त्या उत्तप्याचा शेवटचा घास गिळताना जे झाले, ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही; इथेही सांगणार नाही.

धर्मशाळेपर्यंत आम्ही पायी गेलो. वाटेत दुकानांच्या, भावांच्या गोष्टी झाल्या. फाटकाशी थांबून ते म्हणाले, "हॉटेलवाल्याचा दोष नाही. तू मागितलंस ते त्यानं दिलं. परगावी एकटा आहेस, पाळणं होत नसेल तर मी समजू शकतो. पण मग पत्रात तसं लिहावं. तू बँकेतला माणूस. शिल्लक एक आणि वहीत दुसरीच, असं चालतं का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गल्ल्यापाशी जाऊन अण्णांना सारे सांगितले. ते ऐकून नवल करतील असे वाटले होते. पण ते म्हणाले, "साहेब, एवढे दिवस का नाही बोललात? आमचं गाव कारकळजवळ." कारकळची 1432 सालची बाहुबलींची भव्य मूर्ती आपल्याला माहीत आहे, अण्णा तिच्या डोंगराच्या छायेत लहानाचे मोठे झाले होते. उडुपीच्या मठातल्या स्वयंपाकातही परंपरेने कांदा-लसूण नसतो, हे मला त्यांच्याकडूनच कळले. त्या दिवसापासून माझ्या डोशात बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी आली. सांबारात कांदा असे, म्हणून मला नुसती नारळाची चटणी. शाखेतल्या वरिष्ठांना मी विनंती केली; पंधरा मिनिटे बाहेर जाऊन येण्याची मुभा त्यांनी हसत दिली. ज्यांच्या हसण्याला मी वर्षभर भ्यालो, त्यांतले कोणीही हसले नाही. सप्टेंबरअखेरच्या सहामाही हिशेबाच्या दिवशी खुर्ची सोडता येत नसे, तेव्हा अण्णांचा पोऱ्या साडेपाचलाच डबा आणून ठेवी.

तरी सर्व दिवस पाळले गेले, असे नाही. कधी लोकल अडकली, कधी काम अडले. पण त्या दिवसांचे मी पत्रात लिहू लागलो : मंगळवारी चुकले. बाबूजींनी त्यावर कधी उत्तर लिहिले नाही. मात्र ‘वेळेवर जेवतोस ना’ ही ओळ त्यांच्या पत्रांतून नाहीशी झाली.

निवृत्तीनंतर एकदा फोर्टात गेलो होतो. त्या गल्लीत आता मोबाईलचे दुकान आहे. शेजारच्या उपाहारगृहाच्या कार्डावर पदार्थांपुढे ‘जैन’ असे छापलेले होते. सोय फार मोठी झाली आहे. आता कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. तरीही ज्याला आपण काय खात नाही हे ठाऊक आहे, असा एक माणूस परक्या शहरात असणे ही वेगळीच सोबत असते.

पुतण्याच्या कागदावर हॉटेलांच्या नावांखाली मी दोन ओळी लिहिल्या : पहिल्याच दिवशी गल्ल्यावरच्या माणसाला आपले पथ्य सांग. आणि पाळता आले नाही, तर घरी तसे कळव.

त्याने कागदाची घडी घालून पाकिटात ठेवली. आठ दिवसांनी फोन आला. "काका, आज फार उशीर झाला. रात्री नऊला जेवलो."

मी म्हणालो, "सांगितलंस ते बरं झालं. पोटभर जेवलास ना?"