पकडा, पण खाऊ नका

लेक जॉर्जला आपली मंडळी दर उन्हाळ्यात जातात. तिथून जवळच हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्ड ही दोन छोटी गावं आहेत. तिथे मात्र सहसा कोणी थांबत नाही. एकदा वाट वाकडी करून जरूर जा. शँप्लेन कालव्याची लॉक्स, काठाला दाट झाडी आणि संथ वाहणारी हडसन. इथे गळ टाकायला परवानगी आहे. पण मासा लागला की परत पाण्यात सोडायचा, खायचा नाही.

याचं कारण या गावांतले जनरल इलेक्ट्रिकचे कपॅसिटरचे कारखाने. १९४७ ते १९७७ या काळात त्यांनी १३ लाख पौंडांपर्यंत पीसीबी नदीत सोडलं असावं, असा अंदाज आहे. हे तेलासारखं रसायन सहजी पेट घेत नाही, वीज वाहू देत नाही, लवकर विघटनही पावत नाही. आम्हा इंजिनिअर लोकांना हे सगळे गुणच वाटतात! नदीत मात्र तो टिकाऊपणाच नडला. पीसीबी तळच्या गाळात बसलं, तिथून माशांच्या चरबीत गेलं. ते कर्करोगकारक आहे, हे आता सिद्ध झालं आहे. १९७३ साली फोर्ट एडवर्डचं जुनं धरण काढलं, तेव्हा मागे साठलेला गाळ आणखी खाली वाहत गेला.

१९७६ साली इथली मासेमारी बंद झाली. त्याच वर्षी राज्य सरकारच्या सुनावणीत दोष कंपनीचा तसाच देखरेख करणाऱ्या खात्याचाही ठरला. १९८४ मध्ये न्यूयॉर्क शहरापर्यंतची २०० मैल नदी सुपरफंडच्या यादीत आली. ज्याने घाण केली त्याने ती निस्तरावी, असा हा कायदा. तरी गाळ उपसण्याचा निर्णय व्हायला २००२ साल उजाडलं. नदी आपोआप स्वच्छ होते आहे, असं कंपनी म्हणत होती. अखेर २००९ ते २०१५ दरम्यान कंपनीच्याच खर्चाने साडेसत्तावीस लाख घनयार्ड गाळ निघाला.

म्हणजे यादीत नाव आल्यापासून पहिला गाळ निघेपर्यंत पंचवीस वर्षं! कारखान्याच्या हिशेबात सांडपाण्याचा खर्च सुरुवातीलाच धरला असता, तर तो याच्यापुढे किरकोळ ठरला असता. कायद्याने बिल योग्य पत्त्यावर पोचवलं, हे खरं. पण एका पिढीचा मासेमारीचा धंदा कुठल्याच बिलात भरून येत नाही.

तेव्हा मुलांना घेऊन गळ टाकायला निघालात, तर आरोग्य खात्याच्या सूचना आधी वाचा. खालच्या हडसनसाठीही त्या आहेत. आणि या सूचना का द्याव्या लागल्या, तेही मुलांना सांगा.