मोईच्या अलीकडे

थायलंडातल्या बहुतेक मोठ्या नद्या दक्षिणेकडे समुद्राला भेटायला धावतात. मोई मात्र उत्तरेकडे तोंड करून चालते. पात्र काही फार मोठे नाही. उन्हाळ्यात तर आपल्या मुठेचीच आठवण व्हावी. पण अलीकडच्या तीरावर थायलंडचे मेसोत आणि पलीकडे ब्रह्मदेशाचे म्यावाडी. १९९७ साली रहदारीला खुला झालेला मैत्रीपूल ओलांडला, की घड्याळ अर्धा तास मागे करायचे. येथे सकाळी आठाला शाळेच्या अंगणात थायी राष्ट्रगीत सुरू होते, तेव्हा समोरच्या काठावर साडेसातच वाजलेले असतात.

मेसोतच्या बाजारात हिंडताना मात्र आपण नेमके कोणत्या देशात आहोत, असा प्रश्न पडतो. भाजी विकणाऱ्या बायकांच्या गालांवर तनाखाचा लेप. झाडाची साल चंदनासारखी सहाणेवर उगाळून तो करतात. पुरुषांच्या कमरेला लुंगी आणि पाट्यांवर गोल गोल बर्मी अक्षरे. कपड्यांच्या कारखान्यांत, शेतांत, बांधकामांवर राबणारी ही माणसे पलीकडून आलेली. कोणी पोटासाठी आले, कोणी लढाईला कंटाळून. २०२१ च्या फेब्रुवारीत तिकडे लष्कराने सत्ता बळकावल्यावर आणखी पुष्कळ आले. हात राबायला आले, तशी त्यांची मुलेही आली. त्या मुलांनी शिकायचे कोठे?

कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे, आणि ते उदार आहे. ५ जुलै २००५ रोजी थायी मंत्रिमंडळाने ठरवले, की कागदपत्रे असोत वा नसोत, देशातल्या प्रत्येक मुलाला शाळेत घ्यावे. अशा मुलाला ‘जी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो आणि त्याचे नाव पटावर चढते. पण पट आणि बाक यांत अंतर असते. थायी येत नाही म्हणून दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसावे लागते. जाण्यायेण्याचा खर्च आईबापांना झेपत नाही. शिवाय हंगाम संपला, की बिऱ्हाड हलते. बिऱ्हाड हलले की शाळा सुटते, हे बीडकडची ऊसतोड ठाऊक असलेल्या वाचकांना मी काय सांगावे?

म्हणून या लोकांनी आपल्या शाळा आपणच उभ्या केल्या. डॉ. सिंथिया माँ यांनी १९८९ साली येथे निर्वासितांसाठी दवाखाना काढला. २००२ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्या दवाखान्यानेही पुढे मुलांसाठी शाळा चालवली. अशा शाळांना ‘शिक्षणकेंद्र’ म्हणतात, कारण सरकारदरबारी त्या शाळा नव्हेत.

मी पाहिलेले केंद्र पत्र्याच्या छपराचे होते. एका फळ्यावर बर्मी, दुसऱ्यावर थायी. मराठीचा मास्तर असल्यामुळे माझे लक्ष अक्षरांकडे गेले. बर्मी मुलेही क, ख, ग, घ, ङ याच क्रमाने घोकतात. थायी मुळाक्षरांची चालही तीच. कोण्या काळी आपल्याकडून निघालेली ही वर्णमाला दोन्ही तीरांवर पोचली, आणि तिला कोणी परवाना विचारला नाही!

“दोन भाषांचे ओझे लहान मुलांवर कशाला?” मी तेथल्या गुरुजींना इंग्रजीतून विचारले.

“बर्मी आली नाही, तर घरी जाऊन शिकता येणार नाही,” ते म्हणाले. “थायी आली नाही, तर येथे राहून शिकता येणार नाही. मुलांना कोठे राहायचे आहे, हे आमच्या हातात कुठे आहे?”

मागच्या रांगेत तेरा वर्षांची एक मुलगी वहीत मान घालून बसली होती. तिच्या वडिलांना दुसऱ्या गावी मळ्यावर काम मिळाले होते. रविवारी ती जाणार होती. गुरुजींनी तिच्यासाठी एक कागद तयार केला होता : कोणती इयत्ता, कोणते विषय, किती गुण. त्यावर सरकारी शिक्का नव्हता. तरी त्यांनी अक्षर न् अक्षर दोन्ही लिप्यांत सुवाच्य काढले होते.

“तिकडे हा कागद कोणी मानील का?” मी विचारले.

“कोणी विचारलाच,” गुरुजी कागदाची घडी घालीत म्हणाले, “तर तिच्याजवळ असलेला बरा.”