प्याद्याचा हिशेब

बुद्धिबळातल्या 'गँबिट' या शब्दासाठी मराठीत 'बळी' हा पर्याय रूढ आहे. आम्हां दोघांना तो पटत नाही. बळी देवाला दिला जातो, आणि देवाकडे हिशेब मागण्याची रीत नाही. पटावर दिलेल्या प्याद्याचा हिशेब मात्र पुढच्या दहाबारा खेळींत मागावाच लागतो. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ पायात पाय घालून पाडणे असा आहे. स्पॅनिश पाद्री रुय लोपेझ याने १५६१ साली आपल्या ग्रंथात तो बुद्धिबळाला लावला. म्हणजे हा शब्द वेदीवरचा नव्हे, आखाड्यातला. आपल्या कुस्तीत 'टांग' आहेच, आणि कुस्तीत काय किंवा पटावर काय, आपण खेळतो तो 'डाव'च.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि मोकळ्या तासाला 'किंग्ज गँबिट' खेळतो. दोन्ही बाजूंची राजापुढची प्यादी दोन-दोन घरे पुढे येतात. लगेच पांढरा राजाच्या उंटापुढचे प्यादेही दोन घरे सरकवून ते प्रतिपक्षाच्या तोंडी देतो. ते खाल्ले गेले की काळ्याचे प्यादे मध्यातून बाजूला जाते, पांढऱ्याला मध्य मोकळा होतो, आणि किल्लेकोट झाल्यावर हत्तीसाठी एक पट्टी उघडण्याची आशा निर्माण होते. पण त्याच खेळीने आपल्याच राजाच्या घराची भिंतही पडलेली असते. मिळाली ती केवळ गती. आणि गती नाशवंत असते. गमावलेले प्यादे शेवटपर्यंत गमावलेलेच राहते.

एकोणिसाव्या शतकाला या व्यवहाराची भुरळ होती. १८५१ साली लंडनमध्ये अँडरसनने कीझेरित्स्कीविरुद्धच्या एका मैत्रीपूर्ण डावात याच गँबिटने सुरुवात करून एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन टाकला, आणि उरलेल्या दोन घोड्यांनी व एका उंटाने मात केली. त्या डावाला पुढे 'अमर' म्हटले गेले. त्याच सुमारास, १८४८ साली, कलकत्त्यात कॉक्रन या स्कॉटिश बॅरिस्टरने महेशचंद्र बॅनर्जींविरुद्ध चौथ्याच खेळीला दोन प्याद्यांच्या बदल्यात घोडा दिला. महेशचंद्रांची घडण देशी बुद्धिबळात झालेली. त्यात प्यादे सर्वसाधारणपणे पहिल्या खेपेसही एकच घर चाले, त्यामुळे दुसऱ्या खेळीला अशी झुंज लागणेच शक्य नसे. त्यांच्या सावध, कडेने उंट बसवण्याच्या शैलीवरूनच पुढे अनेक बचावांना 'इंडियन' हे नाव मिळाले. ही दुसरी परंपरा आपली, हे आम्ही विसरत नाही.

१९६० मध्ये स्पास्कीकडून याच गँबिटसमोर हरल्यावर फिशरने १९६१ साली लेख लिहून ते निकालात काढले; आणि दोन वर्षांनी पांढऱ्या बाजूने स्वतःच ते खेळून जिंकला. आजचे संगणक काळ्यालाच किंचित सरस ठरवतात. तरी १९९५ साली रीगामध्ये कास्पारोवने जुने इव्हान्स गँबिट खेळून आनंदला पंचवीस खेळींत हरवले, हेही खरे.

हा सारा विचार आम्हांला पटाबाहेर करावा लागला तो गेल्या वर्षी. बी.ए.ची एक विद्यार्थिनी विचारायला आली, की स्पर्धापरीक्षेची तयारी सोडून मराठीत एम.ए. करू का? अशा वेळी आमच्या क्षेत्रात 'भाषेची सेवा', 'त्याग' असे शब्द तयार असतात. आम्ही ते वापरले नाहीत. आमच्यापैकी एकाने बँकेतली नोकरी नाकारून एम.ए. केले, चाळिशी उलटल्यावरही त्याची नेमणूक तासिका तत्त्वावर आहे. दुसरा कायम आहे. वाचलेली पुस्तके दोघांचीही जवळपास तीच. त्यागाची भाषा केली की हा फरक झाकला जातो, आणि ज्याने प्यादे दिले त्याला त्याचा मोबदला मागण्याचीही लाज वाटू लागते.

म्हणून आम्ही तिला हिशेब सांगितला. दोन वर्षे देशील. त्यांच्या बदल्यात वाचनाची जी गती मिळेल ती तात्काळ वापर. पहिल्याच वर्षी नेट-सेटचा अभ्यास धर, लिहू लाग, एखादे बोलीचे काम अंगावर घे. गती अंगात असताना स्वस्थ बसलीस तर उरेल ते फक्त एक प्यादे कमी.

"आणि सगळं करूनही काही मिळालं नाही तर?" तिने विचारले.

उत्तर आमच्यातल्या तासिकावाल्याने दिले. म्हणाला, "मग एक प्यादे कमी असलेला शेवट खेळायचा. तो लांबतो. पुष्कळदा हरतो, कधीकधी बरोबरीत सुटतो. तेवढ्या तयारीनेच पहिलं प्यादं पुढे कर."

तिने प्रवेश घेतला आहे. सेटचा अर्जही भरला आहे.